चिंचिला, कुत्रा आणि खोलीची कडी

आमच्या घरात एसी आला तो एका जनावरासाठी. माणसासाठी आला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी विचारायला नको.

मंडळी, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा त्याच खोलीत एक पंखा होता आणि वर पत्रा होता. चैत्र-वैशाखात दुपारी ती पदर ओला करून डोक्यावर घ्यायची आणि तांदूळ निवडत बसायची. मी म्हणायचो, एवढं काय ऊन न्हाय. मी उसाला पाणी देऊन आलेला, पाय पोटरीपर्यंत भिजलेले. मला कसलं ऊन? ती भाद्रपदात गेली. पौषात लेकीनं बारामतीहून माणसं आणली, पत्र्याखाली थर्माकोल ठोकला, भिंतीला भोक पाडलं आणि एसी बसवला. मग टेम्पोतनं पिंजरा आला.

जनावराचं नाव चिंचिला. सशापेक्षा लहान, घुशीपेक्षा मऊ, कान मोठे, शेपूट खारीसारखी. रंग चुलीतल्या राखेचा. मूळ कुठल्या तरी लांबच्या थंड डोंगरातलं आहे म्हणे. त्याचा सरकारी नोंदीचा कागदसुद्धा आहे. माझ्या जन्माचा कागद नाही, शाळेनं अंदाजानं तारीख टाकली होती, आणि चौथीनंतर ती शाळाही सुटली. वस्तीवरचे लोक त्याला उंदीर म्हणतात. पहिल्या आठवड्यात सगळे बघून गेले. एकानं विचारलं, हे करतं काय? मी म्हणालो, गार बसतं.

ते माझ्याकडं कसं आलं तेही सांगतो. नातीनं हट्ट केला म्हणून लेकीनं ते बारामतीच्या घरी आणलं होतं. हे जनावर पाण्यानं अंघोळ करत नाही, बारीक धुळीत लोळतं. त्या धुळीनं नातीला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरात एक तर पोरगी ठेवा नाही तर हे. लेकीनं पोरगी ठेवली.

मग लेक म्हणाली, पुण्याला एक माणूस असली जनावरं सांभाळतो, त्याला देऊन टाकते. मी म्हणालो, देऊ नको, हिकडं आण. मी कारण सांगितलं नाही. कारण असं, की मंडळी शेवटचे तीन महिने दवाखान्यासाठी लेकीच्या घरी होती. लेक आणि जावई कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात ती आणि हे जनावर. ती त्याला वाळल्या गवताची एकेक काडी द्यायची आणि त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते कुणाला माहीत नाही. मी आठवड्यातनं दोनदा जायचो, तासभर बसायचो, कारखान्याकडनं उसाला तोड कधी मिळणार ते सांगायचो आणि परत यायचो. तिचं शेवटचं बोलणं कुणी ऐकलं असेल तर ते ह्यानं. ते पुण्याला कसं जाऊ द्यायचं?

अडचण कुत्र्याची होती.

कुत्राही तिचाच. आठ वर्षांपूर्वी कॅनॉलच्या भरावावर सापडलं ते पिल्लू तिनं पदरात घालून आणलं. त्याचं काम एकच, उसातल्या घुशी मारायच्या. घूस मारली की तो ती तोंडात धरून पायरीवर आणून ठेवायचा आणि हिच्या हाताकडं बघत बसायचा. ही त्याला अर्धी भाकरी द्यायची. म्हणजे आठ वर्षं आम्ही त्याला एवढंच शिकवलं होतं, की ह्या आकाराचं जे काही पळेल ते मारून आणायचं आणि भाकरी घ्यायची. आता त्याच आकाराचं जनावर त्याच घरात आणून ठेवायचं आणि त्याला म्हणायचं, ह्याला हात लावू नको.

मी लेकीला म्हणालो, "मी शिकवतो त्याला. आमच्या वडलांनी शेकड्यानं मेंढरं राखली. कुत्र्याचं पिल्लू कोकरांत झोपवायचे, मेंढीचं दूध पाजायचे. मोठं झालं की ते मेंढरांसाठी लांडग्याच्या अंगावर जायचं."

"आबा, ते पिल्लू असायचं. ह्यो आठ वर्षांचा हाय."

"म्हणून काय झालं?"

"आणि ह्याला दूध कुणाचं पाजणार? चिंचिलाचं?"

मग तिनं अट घातली. कुत्रा एकदा जरी त्या खोलीत गेला, तर दोन्ही नेणार. चिंचिला पुण्याला, कुत्रा नरसिंहपूरला तिच्या मावशीकडं. म्हणजे घरात मी राहिलो असतो आणि एसी.

तिनं दारावर एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात लिहिला होता, माझ्यासाठी. कुत्रा बांधल्याशिवाय दार उघडायचं नाही. आत गेलं की आधी कडी लावायची, मग पिंजऱ्याला हात. कुत्र्याला हात लावला असेल तर साबणानं धुवायचा, कारण त्या वासानंच हे घाबरतं. पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही, उंचावर ठेवायचा, म्हणजे कुत्र्याचं नाक आणि ह्याचं तोंड समोरासमोर यायला नको. आणि कुत्रा कितीही शांत बसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ह्या शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

मी सगळं पाळलं. पिंजरा लोखंडी टेबलावर ठेवला आणि टेबल भिंतीला खिळवलं. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, लाइट गेली तर बसायला गार. सकाळी कुत्रा साखळीला, मग हात धुणं, मग दार, मग कडी. संध्याकाळी परत तेच. ताटात बारीक धूळ घातली की हे त्यात उडी मारून असं गरागरा लोळायचं की डोळ्याला ते दिसायचंच नाही, नुसती धूळ दिसायची. मग मी मंडळीच्या कॉटवर बसायचो. गार वाटायचं. एवढ्या गार खोलीत ती एक दुपार तरी झोपली असती, असं मनात यायचं. मग मी उठून लेंड्या झाडायचो. त्याच्या लेंड्या कोरड्या, बारीक, मेंढरासारख्या. मेंढरांतला माणूस लेंडी बघून जनावराची तब्येत सांगतो. चांगल्या होत्या.

चैत्रात बिघडल्या. लहान झाल्या, मग थांबल्याच. त्यानं दोन दिवस काडीला तोंड लावलं नाही. एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलं.

वस्तीवर आमच्या चुलतभावाची बायको आहे, माझी वहिनी. मंडळी गेल्यापासून ती सकाळी कालवण आणून देते आणि त्याबरोबर चार शब्द सुनावते.

"काय झालं तोंड पाडायला?"

"खाईना ते."

"भावजी, त्या उंदराला भंडारा लावला का?"

"उंदीर न्हाय त्यो."

"जे काय आसंल ते. लावला का?"

"न्हाय."

"मग कसं खाईल? परकंच हाय की ते अजून. तुमच्या घरात म्हशीला लावला, मोटरसायकलला लावला, बोरच्या मोटारीला लावला. ह्यानंच काय पाप केलंय?"

खरं होतं. आमच्यात घरात नवीन काही आलं, जितं असो नाही तर लोखंडाचं, येणाऱ्या रविवारी त्याला बिरोबाचा भंडारा लागतो. हळदीचं बोट लावायचं, झालं. हे काम मंडळीचं. ती दवाखान्यासाठी बारामतीला गेल्यापासून पितळेचा तो डबा भिंतीतल्या देवळीतनं कुणी काढलाच नव्हता. वर्ष सरल्याशिवाय सण नाही आणि वारही नाही, असं म्हणून मी त्याच्याकडं बघत नव्हतो. त्या दिवशी रविवारच होता.

मी डबा काढला. झाकण बसलं होतं, चमच्यानं उचकटावं लागलं. भंडारा ताटात ओतला, वास घरभर झाला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात गवत. खोलीत गेलो आणि दार कोपरानं लोटलं. कडी लावायला तिसरा हात लागला असता. कुत्रा बाहेर लिंबाखाली झोपला होता, म्हणून बांधलाही नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. मंडळी दर रविवारी तो डबा उघडायची तेव्हा कुत्रा जिथं असेल तिथनं यायचा. कॅनॉलवर असला तरी यायचा. तिच्यासमोर बसून मान खाली घालायचा. ती त्याच्या कपाळाला बोट लावायची, भाकरी द्यायची, मग तो जायचा. हे मी आठ वर्षं बघितलं होतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं नाही.

मी ताट टेबलावर ठेवलं आणि पिंजरा उघडला. बोट भंडाऱ्यात बुडवायच्या आत हे बाहेर आलं. त्याला काय माहीत बिरोबा? त्यानं बघितलं, ताट हाय, ताटात बारीक पूड हाय. दोन दिवस मेल्यासारखं बसलेलं जनावर त्यात उडी मारून लोळायला लागलं. ताट कलंडलं, ताटासकट ते खाली आलं आणि फरशीवरही लोळतच राहिलं. खोली पिवळी झाली. माझं धोतर पिवळं झालं. ते स्वतः लिंबाच्या पिकल्या पानासारखं झालं. भाद्रपदापासून मी हसलो नव्हतो. तेव्हाही हसलो नाही, पण जवळपास आलो होतो.

तेवढ्यात दार उघडलं.

कुत्रा आत आला, ताटासमोर बसला आणि त्यानं मान खाली घातली.

दोघांत हातभर अंतर. चिंचिला जागच्या जागी दगड झालं. मी ओरडलो नाही. मेंढरांजवळ परकं कुत्रं आलं तर ओरडायचं नसतं, ओरडलं की मेंढरू पळतं आणि पळालं की कुत्रं धरतं. एवढं वडलांकडनं शिकलो होतो. मी हळूच खाली बसलो, फरशीवरचा भंडारा बोटाला घेतला आणि कुत्र्याच्या कपाळाला लावला. दहा महिन्यांनी लागला त्याला. त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या हातानं मी त्याच्या गळ्याला हात घातला. पट्टा नव्हता. उन्हानं मान खाजवतो म्हणून मीच काढून ठेवला होता.

मला वाटलं, जमलं. लेकीला सांगायला पाहिजे, विश्वास ठेवायला हरकत न्हाय.

मग चिंचिलानं अंग झाडलं आणि उडी मारली. पुढचं मला दिसलंही नाही. कुत्रा माझ्या हातातनं सुटला, जबडा वाजला, मी कॉटवर आपटलो. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. त्याचं काम होतं ते.

मग तो माझ्याकडं वळला. तोंडात पिवळ्या केसांचा पुंजका. त्यानं तो माझ्या पायाशी ठेवला आणि माझ्या हाताकडं बघत बसला.

मी त्याला मानेला धरून ओढत बाहेर नेलं आणि साखळीला घातलं. मारलं नाही. कशाबद्दल मारणार? परत आलो, ह्या खेपेला कडी लावली आणि तिथंच उभा राहिलो. त्याला शोधायचं म्हणजे ते मेलेलं सापडणार, आणि सापडलं म्हणजे दोन्ही गेली. एक मेलं म्हणून आणि दुसऱ्यानं मारलं म्हणून. न शोधता उभं राहिलं तर तेवढा वेळ दोन्ही घरात आहेत. असा हिशोब करून मी बराच वेळ उभा होतो. मग कोपऱ्यात कुणीतरी शिंकलं.

ट्रंकेवर मंडळीचं घोंगडं गुंडाळून ठेवलेलं आहे. त्याच्या गुंडाळीत ते शिरलं होतं. बाहेर एक कान दिसत होता. मी हात घातला नाही. समोर गवताची काडी धरून बसलो, ती धरायची तशी. काय बोलायचं ते सुचलं नाही. उसाला तोड मिळाली, एवढं सांगितलं. पुष्कळ वेळानं ते बाहेर आलं. कमरेवर तळहाताएवढी जागा केसाशिवाय, खाली कातडी गुलाबी. रक्त नाही, दात लागलेला नाही. उरलेलं सगळं पिवळं.

लेकीनं जनावरांच्या एका डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये घालून ठेवला होता. फोनवरच त्यांना चित्र दाखवलं. 

"हे पिवळं का आहे?"

"भंडारा."

"बरं. आणि केस?"

मी सांगितलं. ते म्हणाले, ह्या जातीचं असंच असतं. कुणी धरलं की धरलेले केस सोडून देतं आणि पळतं. म्हणून वाचलं. केस येतील परत. पण धसका बसला असेल, जखम दिसत नाही म्हणून नाही असं नसतं, उद्या माझ्याकडं आणाच. पाण्यानं धुवायचं नाही. मग विचारलं, दोन दिवस खात का नव्हतं, काय घालता? मी म्हणालो, त्या पुड्यातलं वाळलेलं गवत मला बरं वाटंना, म्हणून चार दिवस शेतातला गुरांचा हिरवा घास घालतोय, कवळा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तो मला फोनमध्ये दिसला.

"बाबा, ते मेंढरू नाही."

हे मला त्या महिन्यात बऱ्याच जणांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीत एसी लावून त्याला बारामतीला नेलं आणि आणलं. पोटाचं औषध मिळालं. संध्याकाळी त्यानं वाळलेली काडी खाल्ली. पहाटे लेंड्या पडल्या. मी मोजल्या नाहीत, पण बघितल्या.

आता लेकीला सांगायचं राहिलं. तिचा रोज संध्याकाळी फोन येतो, लोणी देवकरच्या कंपनीतनं सुटली की बसमधनंच करते. जनावर दाखवा म्हणते. मी दोन दिवस लाइट गेलीय म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिच्या मागं बसच्या खिडकीत आमच्याच भागातला दिवा लागलेला दिसत होता, म्हणून म्हणालो, चार्जिंग न्हाय. चौथ्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मंडळीचं दुखणं असंच मी लेकीला महिनाभर सांगितलं नव्हतं. ऊन लागलंय म्हणत राहिलो. मग सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं.

फोन आला तसं मी काही न बोलता तो पिंजऱ्यासमोर धरला.

लेक एवढंच म्हणाली, "रविवारी येते."

मधल्या दिवसांत मी सुतार बोलावला. खोलीच्या दाराबाहेर अडीच हातावर दुसरं दार बसवलं, जाळीचं, स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं. दोन दारांच्या मधे एक माणूस मावतो. पहिलं दार मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात पोचत नाही, हातात ताट असलं तरी. सुतार म्हणाला, बँकेच्या तिजोरीला बी असलं न्हाय. मी म्हणालो, तिथं कुत्रं नसतं. हे सगळं केलं, पण लेक काय करणार ते मला माहीत होतं. कुत्र्याची साखळी धुऊन ठेवली, प्रवासाला बरी दिसावी म्हणून.

रविवारी लेक एकटीच आली. चहा नको म्हणाली. कुत्रा बांधलेला होता, त्याच्याकडं बघितलं नाही. जाळीचं दार उघडून आत गेली, मिटलं का ते बघितलं, मग दुसरं उघडलं. पिंजऱ्यासमोर उभी राहिली. जनावर अजून पिवळसर होतं, धुळीत लोळून लोळून निम्मं उतरलं होतं. कमरेवर बारीक लव आली होती.

मी म्हणालो, "अट तुझी होती. मी मोडली. कुत्रा तयार हाय. पर ह्याला पुण्याला न्यायच्या आधी चार दिवस ऱ्हाऊ दे, नुकतं खायला लागलंय."

ती दाराकडं वळली.

"बोल की पोरी. काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

"आईनं बी लावला व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"भंडारा. आल्या आल्या पहिल्याच रविवारी. पुडीत बांधून नेला व्हता हितनं. आमी कामावरनं आलो तर घर पिवळं आणि हे पिवळं. आई त्याच्या समोर बसलेली. मी लई बोलले तिला. म्हणाले, हे काय तुझं मेंढरू हाय का? दोन दिवस मी तिच्याशी बोलले न्हाय." ती हे दाराकडं तोंड करून सांगत होती. "तिनं ऐकून घेतलं नुसतं. मग म्हणाली, आता घरातलं झालं ना ते, झालं तर मग."

मी कॉटवर बसलो.

म्हणजे भंडारा आधीच लागलेला होता. मी लावला तो दुसऱ्यांदा. जनावर उपाशी होतं ते माझ्या घासानं. एवढ्या सगळ्याची गरज नव्हती. हे मी बोलून दाखवलं. लेकीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी दोघं सारखीच."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हे आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं.

मग ती खोलीतनं निघाली. देवळीतनं डबा घेतला, त्यात तळाला थोडा उरला होता. साबणानं हात धुतले, नको होते तरी धुतले, आणि बाहेर गेली. कुत्र्यानं डब्याचा वास घेतला आणि मान खाली घातली. तिनं त्याच्या कपाळाला बोट लावलं. मी अर्धी भाकरी दिली. पुंजक्याची दिली नाही, रविवारची दिली.

"दर रविवारी हितंच, अंगणात," ती म्हणाली. "साखळीला. डबा त्या खोलीकडं न्यायचा न्हाय. आणि घास न्हाय."

"न्हाय."

"वीस-वीस वर्षं जगतं म्हणे हे, आबा."

"मला बहात्तरावं चालूय."

"म्हणून सांगतेय, जपा."

कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. मग चहा घेतला, दोन कप. निघताना चपला घालून परत आत आली, जाळीचं दार उघडून मिटू दिलं, आतल्या दाराची कडी लावली आणि दोनदा ओढून बघितली.

"नीट बसते कडी," म्हणाली.

मी म्हणालो, "बसती."